परवानगीची चौकट : ‘व्हिस्टा’ आणि मराठी लिहिणारा हात

संगणकाच्या कार्यप्रणालींचा इतिहास बहुधा त्या घडवणाऱ्यांच्या बाजूने लिहिला जातो. कोणती आवृत्ती कधी आली, तीत नवे काय होते, ती किती खपली, एवढ्यावर तो थांबतो. वापरणारा त्यात येतो तो एका वाक्यापुरता : ‘लोकांना ती आवडली नाही.’ हे लोक कोण, त्यांना नेमके काय आवडले नाही आणि त्या नावडीमागे कोणती सवय, कोणती भीती, कोणते नुकसान होते, हे विचारण्याची गरज कोणाला वाटत नाही. साहित्याच्या अभ्यासकांना ही त्रुटी ओळखीची वाटेल. वाचकाला वगळून लिहिलेले वाङ्मयेतिहास आपण कैक वर्षे शिकवत आलो आहोत.

मायक्रोसॉफ्टची ‘विंडोज व्हिस्टा’ ३० जानेवारी २००७ रोजी सर्वसामान्य ग्राहकांसाठी बाजारात आली. आधीची ‘एक्सपी’ २००१ची. मधल्या काळात जग बदलले होते. २००३मधील ‘ब्लास्टर’ आणि २००४मधील ‘सॅसर’ ह्या संगणककीटकांनी एक गोष्ट उघड केली : विंडोज वापरणारा जवळजवळ प्रत्येक जण आपल्या यंत्राचा सर्वाधिकारी म्हणून वावरत होता आणि त्यामुळे त्याच्या नावाने चालणारा कोणताही उपरा प्रोग्रॅमही सर्वाधिकारीच होत होता. व्हिस्टाने ह्यावर जो उपाय काढला त्याचे नाव ‘यूजर अकाउंट कंट्रोल’, म्हणजेच यूएसी. यंत्रणेत काही मूलभूत बदल होणार असेल तर पडदा काळवंडे, मधोमध एक चौकट येई आणि पुढे जाण्यासाठी आपली परवानगी मागितली जाई.

कल्पना वाजवी होती. प्रतिक्रिया मात्र संतापाची झाली, कारण चौकट वारंवार येई. ‘अ‍ॅपल’ने तर २००७मध्ये ह्याच गोष्टीची टिंगल करणारी जाहिरात काढली, तीत विंडोजचे काम करणाऱ्या गृहस्थामागे काळा चष्मा लावलेला एक अंगरक्षक उभा राहून त्याच्या प्रत्येक वाक्याला परवानगी विचारतो. पुढे एप्रिल २००८मध्ये सॅन फ्रान्सिस्को येथील सुरक्षाविषयक परिषदेत मायक्रोसॉफ्टच्याच डेव्हिड क्रॉस ह्या अधिकाऱ्याने सांगितले की, वापरणाऱ्यांना त्रास व्हावा हाच ह्या योजनेचा हेतू होता. ग्राहक चिडले की ते प्रोग्रॅम बनवणाऱ्यांकडे तक्रार करतील आणि मग ते आपले प्रोग्रॅम सुधारतील, असे हे गणित. आम्हांला हे विधान त्या साऱ्या प्रकरणातील सर्वांत प्रामाणिक विधान वाटते. भांडण दोन मोठ्यांचे आणि निरोप्या म्हणून वापरणारा.

हे गणित अमेरिकेत काही अंशी जुळलेही असेल. पण ज्याच्या प्रोग्रॅमचा कर्ता दूर पुण्यात किंवा मुंबईत आहे, ज्याने ती प्रणाली चार-पाच वर्षांपूर्वी एकदाच पैसे मोजून घेतली आहे आणि ज्याला ती चौकटीतील इंग्रजी अडखळत वाचावी लागते, त्या मराठी मजकूर जुळवणाऱ्याचे काय? २००७मध्ये वसई-विरार महानगरपालिका अस्तित्वात नव्हती. ती ३ जुलै २००९ रोजी झाली. तोवर वसई, नवघर-माणिकपूर, नालासोपारा आणि विरार अशा चार नगरपरिषदा होत्या आणि हा सगळा मुलूख ठाणे जिल्ह्यात मोडत होता. वस्ती झपाट्याने वाढत होती, आणि तिच्या पाठोपाठ स्टेशनबाहेर झेरॉक्स, टायपिंग आणि डीटीपीची दुकानेही. लग्नपत्रिका, सोसायटीच्या नोटिसा, प्रतिज्ञापत्रे, शाळांच्या प्रश्नपत्रिका, महाविद्यालयांचे वार्षिक अंक, एम.ए., एम.फिल.चे प्रबंध, हे सगळे मराठी ह्याच दुकानांतून बाहेर पडत होते.

तेथील यंत्रांवरची मराठी कशी होती, हे येथे समजून घ्यायला हवे. ती पडद्यावर मराठी दिसे; यंत्राच्या लेखी ती मराठी नव्हती. त्या काळच्या बहुतेक अक्षरसंचांनी रोमन अक्षरांच्या जागी देवनागरीचे तुकडे बसवले होते. संच काढून घेतला की ‘श्री गणेशाय नमः’च्या जागी रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा चिवडा उरे. प्रत्येक कंपनीची मांडणी वेगळी. अनेक प्रणालींसोबत डोंगल नावाचे छोटे कुलूप येई. ते यंत्राच्या मागे खोचल्याशिवाय प्रणाली उघडतच नसे. एक्सपीवर हे सारे बिनबोभाट चाले, कारण तेथे प्रत्येक प्रोग्रॅमला सर्वत्र मुक्तद्वार होते.

व्हिस्टाने नेमके हेच दार लावून घेतले. नवा अक्षरसंच बसवायचा तर चौकट. अक्षरसंच हे तेथे यंत्रणेच्या मुळाशी हात घालणारे काम ठरले होते, आणि मराठीसाठी तर ते रोजचे काम! जुन्या प्रणाली आपली कागदपत्रे आपल्याच फोल्डरमध्ये साठवू पाहत. व्हिस्टा त्यांना नकार देत नसे, गुपचूप ती कागदपत्रे वापरणाऱ्याच्या खात्यातील एका आडजागी वळवी. प्रोग्रॅमला ती दिसत, माणसाला नेहमीच्या ठिकाणी सापडत नसत. चौसष्ट बिटांच्या आवृत्तीत तर अधिकृत सही नसलेला ड्रायव्हर चालतच नसे, त्यामुळे जुनी डोंगले मुकी झाली. अशा वेळी दुकानदार सांगे, ‘सर, एक्सपी टाकून देतो, नवीन काय कामाचं नाही.’ ह्या वाक्याला अडाणी हट्ट म्हणणे सोपे आहे. पण त्याची उपजीविका ज्या साधनावर होती ते साधन नव्या घराने उंबऱ्यावर अडवले होते.

दर्शनी रूपातील बदलांचीही एक हकिकत आहे. २००१-०२पासून एमएस-सीआयटीने महाराष्ट्रभर संगणकसाक्षरता नेली. ती बरीचशी वाटा पाठ करण्याची होती : अमुक मेनू, मग तमुक ओळ, मग हे बटण. व्हिस्टात ‘स्टार्ट’च्या बटणावरचा ‘स्टार्ट’ हा शब्दच गेला, नुसता गोळा राहिला. ‘माय कॉम्प्युटर’मधला ‘माय’ गेला. एका फोल्डरातून वरच्या फोल्डरात नेणारे बटण गेले. त्याच दिवशी आलेल्या ‘ऑफिस २००७’मधून तर मेनूंची पट्टीच नाहीशी झाली. पाठांतरावर ज्यांचे शिक्षण झाले त्यांना ही अडचण मजकुराची नव्हे, संथेची होती. चरणांचा क्रम बदललेला श्लोक म्हणायला सांगावे, तसे ते झाले. आमच्यापैकी काहींना तेव्हा ‘सेव्ह’ कुठे आहे हे विद्यार्थ्यांना विचारावे लागले, आणि विद्यार्थ्यांनी ते फार आनंदाने दाखवले.

आता ह्या इतिहासाची दुसरी बाजू, जी आम्हांला अधिक महत्त्वाची वाटते आणि जिची नोंद क्वचितच झाली आहे. एक्सपीमध्ये युनिकोड मराठी होती, पण झोपलेली. प्रादेशिक भाषांच्या पर्यायात जाऊन एका चौकोनात खूण करावी लागे आणि मग मूळ सीडी घालावी लागे. ती सीडी कोणाकडेच सापडत नसे. व्हिस्टामध्ये देवनागरी मुळातच जागी होती. यंत्र उघडले की मराठी मजकूर वाचता येई, सीडी न घालता. ज्या प्रणालीला जगाने सर्वाधिक नावे ठेवली, तिने आपल्या लिपीला आत येण्यासाठी परवानगी विचारायला लावली नाही. तिचे स्वागत मात्र कोणी केले नाही.

ह्याची कारणे उघड आहेत. टंकलेखनाच्या परीक्षा दिलेल्या हातांना रेमिंग्टनची कळमांडणी ठाऊक. यंत्रात मिळे ती इनस्क्रिप्ट. छपाईच्या सॉफ्टवेअरना तेव्हा युनिकोड नीट पचत नव्हते. आणि सोबत मिळणाऱ्या ‘मंगल’ अक्षरसंचातील ल आणि श हिंदी वळणाचे, ते मराठी डोळ्यांना खुपत. पुढे ६ नोव्हेंबर २००९च्या शासननिर्णयाने पाकळीचा ल आणि देठाचा श प्रमाण ठरवले; पण शासननिर्णयाने यंत्रातील अक्षरे बदलत नाहीत. एवढे असूनही त्या नाराजीत एक दुर्दैव होतेच. एक्सपीला चिकटून राहणे म्हणजे जुन्या अक्षरसंचांना चिकटून राहणे, आणि त्या काळात टंकलिखित झालेले मराठी आपल्या हाताने कुलूपबंद करणे. अमेरिकेत ‘इन्फोवर्ल्ड’ नियतकालिकाने एक्सपी वाचवण्यासाठी चालवलेल्या अर्जावर दोन लाखांहून अधिक सह्या झाल्या. तरीही ३० जून २००८ला, काही स्वस्त छोट्या लॅपटॉपांचा अपवाद वगळता, तिची सर्वसाधारण विक्री थांबली आणि ८ एप्रिल २०१४ला तिची सुरक्षा-दुरुस्तीही. आपल्याकडची अनेक दुकाने त्यानंतरही तिच्यावरच चालली. त्यांनी कोणत्याही अर्जावर सही केली नव्हती.

मोडी कचेऱ्यांतून आणि शाळांतून गेली तेव्हा कागद नष्ट झाले नाहीत, वाचणारे विरळ झाले. २०२३मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीच्या कामासाठी कुणबी नोंदी धुंडाळताना मोडी जाणणाऱ्यांची किती गरज पडली, हे आपण पाहिले. त्या कागदांना निदान शाई होती. एखाद्या महाविद्यालयाच्या कपाटातील २००५च्या सीडीवर असलेल्या वार्षिक अंकाला रोमन चिवडा आहे, आणि तो उलगडायला त्याच कंपनीचा अक्षरसंच किंवा त्याच मांडणीचा परिवर्तक हवा.

२००९च्या ‘विंडोज ७’ने चौकटी कमी केल्या, किती वेळा विचारावे हे ठरवणारी चार टप्प्यांची पट्टी दिली, आणि तोच यूएसी लोकांनी निमूट स्वीकारला. तोवर प्रोग्रॅम बनवणारेही सुधारले होते, हे क्रॉस ह्यांच्या बाजूने मान्य करायला हवे. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी ‘विंडोज १०’चा सर्वसाधारण आधार संपला. ‘विंडोज ११’ला टीपीएम २.० नावाची सुरक्षा-सोय यंत्रातच असावी लागते, त्यामुळे जुनी यंत्रे तिच्या अटींत बसत नाहीत. महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांतून अशी यंत्रे आता भंगाराच्या यादीत चढत आहेत. त्यांच्या हार्डडिस्कवर कोणत्या अक्षरसंचातील कोणते मराठी आहे, हा रकाना त्या यादीत नसतो.