बझ! द बिग क्विझ

बझ! द बिग क्विझ हा सामान्यज्ञानाच्या प्रश्नमंजूषेवर आधारित व्हिडिओ गेम आहे. इंग्लंडमधील ब्रायटन येथील रिलेंटलेस सॉफ्टवेअर या कंपनीने तो प्लेस्टेशन २ या गेमिंग कन्सोलसाठी विकसित केला. सोनी कॉम्प्युटर एंटरटेनमेंटने तो मार्च २००६ मध्ये युरोपात प्रकाशित केला. ‘बझ!’ मालिकेतील २००५ सालचा पहिला खेळ, बझ! द म्युझिक क्विझ, केवळ संगीतविषयक होता. दुसऱ्या खेळात इतर विषयांचाही समावेश करण्यात आला.

बझर

नेहमीच्या कंट्रोलरऐवजी या खेळासाठी चार स्वतंत्र बझर वापरले जातात. प्रत्येक बझरवर एक मोठे लाल बटण आणि त्याखाली निळे, नारिंगी, हिरवे व पिवळे अशी चार बटणे असतात. चारही बझर तारांनी एकाच यूएसबी जोडणीला जोडलेले असतात. हातांच्या सफाईदार हालचालींची गरज नसल्याने, व्हिडिओ गेमची सवय नसलेल्या व्यक्तीही खेळात सहज सहभागी होऊ शकतात.

खेळाचे स्वरूप

खेळाची मांडणी दूरचित्रवाणीवरील प्रश्नमंजूषेसारखी आहे. बझ नावाचे पात्र सूत्रसंचालन करते. इंग्रजी आवृत्तीत त्याला ऑस्ट्रेलियन अभिनेते व गायक जेसन डोनोव्हन यांचा आवाज आहे. प्रश्नाचे चार पर्याय पडद्यावर चार रंगांत दिसतात आणि खेळाडू त्या रंगाचे बटण दाबून उत्तर देतो. मालिकेतील काही फेऱ्यांत आधी उत्तर देणाऱ्यास अधिक गुण मिळतात, तर काहींत प्रतिस्पर्ध्याचे गुण हिरावून घेता येतात. त्यामुळे ज्ञानाबरोबरच तत्परता आणि डावपेच यांनाही महत्त्व येते.

पुरस्कार

२००६ च्या ब्रिटिश अकादमी व्हिडिओ गेम पुरस्कारांमध्ये या खेळाला ‘कॅज्युअल अँड सोशल’ विभागातील पुरस्कार मिळाला.

मर्यादा व पुढील आवृत्त्या

प्रश्न डिस्कवरच साठवलेले असल्याने त्यांची संख्या मर्यादित होती. वारंवार खेळल्यास तेच प्रश्न पुन्हा समोर येत आणि ज्ञानापेक्षा स्मरणशक्तीचीच कसोटी लागे. प्लेस्टेशन ३ साठी २००८ मध्ये प्रकाशित झालेल्या बझ! क्विझ टीव्ही या खेळाने यावर उपाय शोधला. त्यात बिनतारी बझर आले; शिवाय खेळाडूंना इंटरनेटद्वारे स्वतः प्रश्नसंच तयार करून इतरांना खेळण्यासाठी देता येऊ लागले. रिलेंटलेस सॉफ्टवेअर ही कंपनी २०१६ मध्ये बंद झाली.