नाव कुणाचं लक्षात राहतं?



मागच्या बैठकीत हिशोबाची वही मिटली आणि गप्पा बातम्यांवर आल्या. एकजण म्हणाली, "मारणाऱ्याचा चेहरा टीव्हीवर इतका दाखवतात की डोळ्यांसमोरून हलत नाही. ज्याचा जीव गेला त्याचं नाव मात्र आठवत नाही. असं का?" आमच्याकडे तयार उत्तर नव्हतं. म्हणून आज अमेरिकेतल्या शाळांचा इतिहास सांगतो. तिथं या प्रश्नाची फार मोठी किंमत मोजली गेली आहे.

20 एप्रिल 1999 ला कोलोरॅडो राज्यातल्या कोलंबाइन हायस्कूलमध्ये दोन विद्यार्थी बंदुका घेऊन शिरले. त्या दिवशी 12 मुलं आणि 1 शिक्षक मारले गेले. दोनच आठवड्यांत 'टाइम' साप्ताहिकाचं मुखपृष्ठ आलं. मधोमध मारणाऱ्या दोघांचे मोठे, रंगीत फोटो आणि भोवती गेलेल्यांचे छोटे, काळे-पांढरे. कुणाला मोठं केलं आणि कुणाला लहान, ते अक्षर न वाचताही कळत होतं.

कहाणीही घाईत ठरली. ही छळलेली, एकलकोंडी मुलं, काळे कोट घालणाऱ्या टोळीतली, खेळाडू मुलांवर सूड घ्यायला आलेली, असं सांगितलं गेलं. तपासात वेगळंच निघालं. त्यांनी जेवणाच्या हॉलमध्ये बाँब ठेवले होते आणि शेकडो जीव घ्यायचा बेत होता. बाँब फुटले नाहीत, म्हणून तो फसला. पण पहिली कहाणीच लोकांच्या मनात बसली. कुठंतरी रागानं धुमसणाऱ्या पोरांना त्यात जणू आपला नायकच सापडला.

16 एप्रिल 2007 ला व्हर्जिनिया टेक विद्यापीठात 32 जण मारले गेले. मारणाऱ्यानं मधल्या वेळात स्वतःचे फोटो आणि व्हिडिओ एनबीसी वाहिनीला टपालानं पाठवले होते. त्यात कोलंबाइनच्या त्या दोघांचा त्यानं हुतात्मे म्हणून उल्लेख केला होता. वाहिनीनं त्यातला काही भाग दाखवला. मृतांच्या काही घरच्यांनी चिडून त्या वाहिनीला द्यायच्या मुलाखती रद्द केल्या. त्यानंतर वाहिन्यांनी ती दृश्यं कमी केली.

14 डिसेंबर 2012 ला सँडी हूक शाळेत 20 लहान मुलं आणि 6 मोठी माणसं गेली. त्या दिवशी घाईत मारणाऱ्याऐवजी त्याच्या भावाचं नाव जाहीर झालं. तो बिचारा कामावर होता!

त्याच वर्षी कोलोरॅडोतल्या ऑरोरा इथं चित्रपटगृहात गोळीबार झाला. त्यात मुलगा गमावलेल्या आईवडिलांनी 'नो नोटोरायटी' ही मोहीम सुरू केली. त्यांचं मागणं साधं आहे. ओळख पटवण्यापुरतं नाव द्या, पण ते पुन्हा पुन्हा घोकू नका. त्याचे फोटो आणि त्यानं लिहिलेलं छापू नका. गेलेल्यांबद्दल आणि जीव वाचवणाऱ्यांबद्दल सांगा.

मग माहिती दडपायची का? मुळीच नाही. कोलंबाइनच्या मुलांना बंदुका ओळखीच्या मोठ्या माणसांकडून मिळाल्या. सँडी हूकमधली बंदूक आईनं कायदेशीर विकत घेतलेली होती. हत्यार घरात कसं आलं, कुणाच्या लक्षात काय आलं नाही, हे लोकांना कळायलाच हवं. त्यासाठी चेहरा लागत नाही.

मैत्रिणींनो, आता बातमी पुढं पाठवणारं बोट आपलंच आहे. आपल्याकडे बाल न्याय कायदा, 2015 च्या कलम 74 नुसार, गुन्ह्यात सापडलेल्या किंवा गुन्ह्याला बळी पडलेल्या मुलाची ओळख उघड करायला मनाई आहे. मोबाइलवर असा फोटो आला तर तो आपल्यापाशीच थांबवू या.

या बोलण्यात आम्ही मारणाऱ्या एकाचंही नाव घेतलं नाही. कहाणी कुठं अडली का?