आयबीडी म्हणजे काय? आतड्याच्या आजारावरचे नवे उपचार आणि मोबाईलचा उपयोग

संडासवाटे रक्त पडलं की आपल्याकडे पहिला अंदाज एकच असतो: मूळव्याध. मग मेडिकलमधून मलम येतं, कोणीतरी काढा सुचवतं, आणि लाजेपोटी विषय तिथेच संपतो. बऱ्याचदा ती मूळव्याधच असते. पण सोबत जुलाब, पोटात कळ आणि वजन उतरणं महिनाभर चालू असेल, तर आयबीडीची शंका घ्यायला हवी. हा आजार बऱ्याच वेळा ऐन तरुणपणात सुरू होतो.

आयबीडी म्हणजे नेमकं काय?

शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच आतड्यावर उठते आणि आतून सूज, जखमा होत राहतात. अल्सरेटिव्ह कोलायटिस हा प्रकार मोठ्या आतड्यात असतो. क्रोन्स हा प्रकार तोंडापासून गुदद्वारापर्यंत कुठेही होऊ शकतो, पण जास्त करून लहान आतड्याच्या शेवटच्या भागात दिसतो.

गुगलवर शोधताना एक घोळ हमखास होतो. आयबीएस हा वेगळा त्रास आहे. त्यातही पोट बिघडतं, पण आतड्याला जखम नसते. फरक एका अक्षराचा, उपचार मात्र पूर्ण वेगळे.

आधी टीबीची शंका मिटवा

आपल्या देशात हा मुद्दा औषधाइतकाच महत्त्वाचा आहे. आतड्याचा टीबी आणि क्रोन्स दुर्बिणीतून सारखेच दिसू शकतात. म्हणून डॉक्टर तुकडा काढून तपासतात, आणि तरीही नक्की कळलं नाही तर काही वेळा आधी टीबीची औषधं देऊन दोन-तीन महिन्यांनी पुन्हा दुर्बीण टाकतात. हे वेळकाढूपणाचं वाटतं, पण टीबी असताना प्रतिकारशक्ती दाबणारं औषध दिलं तर टीबी अंगभर पसरू शकतो. नवं औषध सुरू करण्याआधी छातीचा एक्स-रे आणि टीबीची तपासणी सांगितली तर टाळू नका.

मग नवं काय आलं?

पूर्वी मेसालामाइन, स्टिरॉइड आणि ॲझाथायोप्रिन यांवरच काम चालायचं. आजही ती वापरात आहेत, पण स्टिरॉइड वर्षानुवर्षं घेत राहणं चुकीचं आहे. त्यानं हाडं ठिसूळ होतात, साखर वाढते. आता उद्दिष्टही बदललंय. जुलाब थांबले एवढ्यावर समाधान न मानता आतली जखम भरली का, हे बघतात.

पहिला मोठा बदल १९९८ मध्ये झाला. अमेरिकेत इन्फ्लिक्सिमॅबला क्रोन्ससाठी परवानगी मिळाली. सूज पेटवणाऱ्या टीएनएफ नावाच्या प्रथिनाला हे औषध अडवतं. ते सलाईनमधून देतात: सुरुवातीला, मग दुसऱ्या आणि सहाव्या आठवड्याला, पुढे साधारण दर आठ आठवड्यांनी. आपला अहिल्यानगर जिल्हा क्षेत्रफळानं राज्यात सर्वांत मोठा. अकोले किंवा जामखेडच्या पोरानं यासाठी दर वेळी पुणे, नाशिक गाठायचं म्हणजे औषधाच्या खर्चावर रोज बुडणं आणि गाडीभाडं आलंच.

अ‍ॅडॅलिमुमॅब हे इंजेक्शन पेनसारखं असतं, घरीच पोटावर किंवा मांडीवर दर दोन आठवड्यांनी घेता येतं. अहमदाबादच्या झायडस कंपनीनं २०१४ मध्ये त्याचा स्वस्त पर्याय भारतात आणला. अडचण आहे ती साठवणीची. ते २ ते ८ अंश तापमानात, फ्रीजमध्ये ठेवावं लागतं, पण फ्रीजरमध्ये अजिबात नाही. लाईट तासन् तास जात असेल तर डॉक्टरांना आधीच सांगा.

म्हणूनच खेड्यातल्या पेशंटसाठी गोळ्या मला जास्त सोयीच्या वाटतात. टोफासिटिनिबला २०१८ मध्ये आणि उपाडासिटिनिबला २०२२ मध्ये अमेरिकेत अल्सरेटिव्ह कोलायटिससाठी मान्यता मिळाली. फ्रीज नको, सलाईन नको. टोफासिटिनिब भारतीय कंपन्याही बनवतात, त्यामुळे ते परवडतं. पण गोळी आहे म्हणजे साधी आहे असं नाही. नागीण उठणं, रक्तात गुठळी होणं असे धोके आहेत, आणि मूल होऊ देण्याचा विचार असेल तर ते आधीच बोलावं लागतं. मित्राची चिठ्ठी दाखवून मेडिकलमधून घेण्याची ही वस्तू नाही.

निरोगी माणसाच्या विष्ठेतले जंतू पेशंटच्या आतड्यात सोडण्याचा उपायही आहे. लुधियानाच्या दयानंद मेडिकल कॉलेजमधल्या डॉक्टरांनी त्यावर अभ्यास केलाय. यूट्यूब बघून घरी करू नका, जंतुसंसर्ग होईल.

मोबाईल कुठे कामी येतो?

कॅलप्रोटेक्टिन ही विष्ठेची तपासणी आतड्यातली सूज आकड्यात सांगते. ५० च्या खाली सहसा ठीक, २५० च्या वर सूज चालू असण्याची शक्यता. जंतुसंसर्गानं किंवा आयब्युप्रोफेनसारख्या गोळ्यांनीही आकडा वाढतो. युरोपात याचं घरगुती किट मिळतं: नमुन्याचा थेंब पट्टीवर टाकायचा, मोबाईलच्या कॅमेऱ्यानं फोटो काढायचा, ॲप आकडा सांगतं आणि डॉक्टरांना पाठवतं. आपल्याकडे नमुना लॅबमध्ये देणं हाच सरळ मार्ग.

बाकी, दिवसात किती वेळा जावं लागलं, रक्त होतं का, वजन किती, हे नोट्समध्ये लिहा. रिपोर्टचे फोटो तारखेनुसार एका फोल्डरमध्ये ठेवा. सरकारच्या मोफत ई-संजीवनीवर घरबसल्या डॉक्टरांशी बोलता येतं, पण दुर्बीण तपासणीसाठी मोठ्या हॉस्पिटलमध्ये जावंच लागेल.

आणि दिवसात सहा किंवा जास्त वेळा रक्ताचे जुलाब होत असतील, सोबत ताप किंवा छातीत धडधड असेल, तर ॲप उघडत बसू नका. त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा.