इरसाल

इंग्रज माणसाला रंगेल गड्याबद्दल मनातून फार माया. दारू, जुगार आणि परस्त्री हे तिन्ही विषय घेऊन जो पहिल्या वर्गात पास झाला, त्याला आपण मराठीत काय म्हणू ते इथे छापता येणार नाही. इंग्रजीत मात्र तो ‘रेकिश’! टोपी तिरकी, चाल ऐटीची आणि चारित्र्य विचारू नये असे. याच्याहून जरा मळकट असला तर ‘रॅफिश’. आणि त्याला फाटकात बघून आपण पोरीबाळींना घरात बोलावले, तर तो ‘लूश’.

हा लूश मूळचा फ्रेंच. अर्थ तिरळा. लॅटिनमधला त्याचा आजा तर चक्क एकाक्ष होता. म्हणजे दोष आधी डोळ्यात होता, तो पुढे चालचलणुकीत उतरला. ‘रेक’चे मूळ ‘रेकहेल’. नरक दाताळ्याने उकरला तरी ज्याला जोड मिळायची नाही, असा नग. दुसऱ्या चार्ल्सच्या दरबारात असे नग पैशाला पासरी होते. त्यातला मेरुमणी म्हणजे रॉचेस्टरचा अर्ल. कविता केल्या, सगळे नाद केले आणि १६८० साली तेहतिसाव्या वर्षी आटोपला. इतिहासकार अजून त्याच्याविषयी लिहिताना मिशीत हसतात.

का नाही हसणार? तो अर्ल होता! त्याच काळच्या कितीतरी आधी, जमीनदाराच्या शेतावर राबणाऱ्या कुळाला जो शब्द होता, त्याचा पुढे ‘व्हिलन’ झाला. बिचाऱ्याने काही केले नव्हते. नांगर धरून उभा होता, एवढेच.

आता मी पडलो बी. कॉम. भाषेच्या खात्यावर सही करण्याचा मला अधिकार नाही. पण काउंटरच्या आतल्या बाजूला वीस वर्षे काढल्यावर एक गोष्ट कळते. माणसाला विशेषण लागते ते शिल्लक बघून.

आपल्याकडे तरी निराळे काय आहे? वाड्यात बसून बापाची दौलत उडवली तर ‘रंगेल’, ‘गुलहौशी’. खोपटातल्याने एक कोंबडी उचलली की ‘बदमाश’! यातला ‘बद’ सगळ्यांना ठाऊक आहे. ‘मआश’ म्हणजे उपजीविका. ज्याचे पोटापाण्याचे साधन वाईट, तो बदमाश. ज्याला आपण शिवी समजतो, तो खरे म्हणजे उत्पन्नाचा दाखला आहे. साहेबालाही हा शब्द इतका पसंत पडला, की त्याने तो आपल्या १८८६च्या ‘हॉब्सन-जॉब्सन’ कोशात नेऊन बसवला. ठग आणि लूट तर त्याने आधीच नेले होते.

पण साहेब शब्दावर थांबला नाही. १८७१ साली त्याने गुन्हेगार जमातींचा कायदा केला. पुढे तो मुंबई इलाख्यातही आला. आता विशेषण मिळवायला काही करावेच लागेना. अमक्या जातीत जन्माला या, विशेषण तयार! पोलिसपाटलाकडे हजेरी द्या, गाव सोडायचे तर परवानगी घ्या. हा कायदा जायला १९५२ साल उजाडले. वाटेगावच्या अण्णा भाऊ साठ्यांनी १९५९ साली ‘फकिरा’ लिहिली, ती या हजेरीच्या जाचावर आणि दुष्काळात उपाशी माणसांसाठी धान्य लुटणाऱ्या एका मर्दावर. सरकारी दप्तरात दरोडेखोर, कादंबरीत नायक. माणूस तोच, लिहिणारा बदलला.

वाटेगाव आज सांगली जिल्ह्यात. पण १९४९पर्यंत तो सगळा मुलूख साताऱ्यातच होता, आणि तिथेच १९४३ साली क्रांतिसिंह नाना पाटलांचे प्रतिसरकार उभे राहिले. लोकांनी त्याचे ‘पत्री सरकार’ केले. पायाला पत्री ठोकतात अशी हूल उठली, आणि खरे गावगुंड रात्रीत सज्जन झाले. साहेबाच्या लेखी मात्र गुंड कोण, तर हे प्रतिसरकारवालेच!

इथे मला माझा लाडका शब्द आठवतो. इरसाल! हा मूळचा आमच्या खात्यातला. अरबीत अर्थ ‘पाठवणी’. गोळा झालेला वसूल सरकारी खजिन्याकडे रवाना करायचा, तो इरसाल. आम्ही त्याला रेमिटन्स म्हणतो आणि सोबत बंदूकवाला देतो. खजिन्यात जायचे नाणे चोख हवे, म्हणून इरसाल म्हणजे अस्सल. आणि अस्सलपणा लबाडीला जास्त शोभतो, म्हणून इरसाल म्हणजे बिलंदर.

१४ एप्रिल १९४४ रोजी प्रतिसरकारच्या मंडळींनी थेट खानदेश गाठून, धुळ्याहून निघालेला साडेपाच लाखांचा सरकारी खजिना चिमठाण्याजवळ लुटला. त्यात कुंडलचे जी. डी. बापू लाड होते, वाळव्याचे नागनाथअण्णा नायकवडी होते. इरसाल माणसांनी इरसाल लुटला, असे वाक्य मराठीशिवाय कुठल्या भाषेत लिहिता येईल? पैसा चळवळीसाठी. पुढे पकडले गेल्यावर नागनाथअण्णा त्याच वर्षी साताऱ्याच्या तुरुंगातून पसार झाले. त्या घटकेला त्यांना कुठले विशेषण लावले गेले असेल ते सांगायला नको.

२००९ साली सरकारने त्याच नागनाथअण्णांना पद्मभूषण दिले. सरकार बदलले होते, हे खरे. पण कागदावरचे विशेषण दुरुस्त व्हायला पासष्ट वर्षे लागली. आमच्याकडे खात्यावरच्या नावातली वेलांटी दुरुस्त करून मागा, म्हणजे ही गती किती चांगली आहे ते कळेल.