हातचं राखणं

मांजराने वाघाला सगळं शिकवलं, झाडावर चढणं तेवढं शिकवलं नाही. ही गोष्ट आपण लहानपणी ऐकतो ती मांजराच्या बाजूने. कचेरीत कुणी हातचं राखून शिकवलं की मात्र त्याला कोत्या मनाचा ठरवून मोकळे होतो. माझ्या मते हा प्रश्न स्वभावाचा कमी आणि जागेचा जास्त आहे.

आधी व्याख्या नीट करू. न सांगणं म्हणजे लपवणं नव्हे. कुणी विचारलंच नाही म्हणून सांगायचं राहून जातं. हत्याराच्या आवाजावरून धार गेल्याचं ओळखणाऱ्या टर्नरला ते शब्दांत मांडता येत नाही. यात लपवाछपवी कसलीच नाही. कॅथरीन कॉनेली आणि सहकाऱ्यांनी २०१२ च्या निबंधात ही रेघ ओढली: समोरच्याने मागितलेली माहिती जाणूनबुजून राखली, तरच ते ज्ञान लपवणं. त्याच्या तीन तऱ्हाही त्यांनी सांगितल्या. आपल्या कचेरीच्या भाषेत त्या अशा: ‘देतो ना, उद्या बसू’ (तो उद्या उजाडत नाही); ‘मला काय ठाऊक, ते जुन्या लोकांना विचारा’; आणि ‘द्यायला हरकत नव्हती हो, पण साहेबांनी नको म्हटलंय’. तिसरीत कधीकधी खोटं काहीच नसतं, म्हणून ती पकडायला सगळ्यांत अवघड.

लपवण्याच्या मुळाशी कॉनेली आणि सहकाऱ्यांना प्रामुख्याने अविश्वास दिसला. पण हा अविश्वास येतो कुठून? इथे मिशेल क्रोझिए या फ्रेंच समाजशास्त्रज्ञाचा १९६३ सालचा ग्रंथ उपयोगी पडतो. फ्रान्समधल्या सरकारी तंबाखू कारखान्यांत सगळं नियमांनी बांधलेलं होतं: पगार, बढती, कामाचं वाटप. नियमात न बसणारी गोष्ट एकच, यंत्र बंद पडणं. ते दुरुस्त करणं फक्त देखभालीच्या फिटरांना जमे, आणि ते तसंच राहील याची काळजी त्यांनी घेतली होती. आराखडे आणि लेखी सूचना कारखान्यातून नाहीशा झाल्या होत्या. नव्या फिटरला सगळं तोंडी शिकवलं जाई. यंत्र चालवणाऱ्या कामगार, बहुतेक स्त्रिया, त्यांच्यावर अवलंबून, पर्यवेक्षकही हतबल. एरवी कशावरच ताबा नसलेल्या माणसाने हाती असलेली एकमेव अनिश्चितता मुठीत धरून ठेवली होती. त्या जागी बसलेला संत असता तरी दुसरं काय करता, कोण जाणे.

परिणामांत यंत्र थांबणं, काम खोळंबणं हे उघड दिसतं, त्यावर वेळ घालवत नाही. कमी दिसतं ते लपवणाऱ्याचंच नुकसान. मी ज्या कचेरीत होतो तिथे एका वरिष्ठ लिपिकाकडे महिनाअखेरच्या ताळमेळाची एक्सेल फाइल होती, पासवर्डसकट. त्यांना रजा मिळत नसे, आणि बढतीचा विषय निघाला की साहेब म्हणत, ‘यांच्यावाचून अडेल.’ मातेय चेर्ने आणि सहकाऱ्यांचा २०१४ चा अभ्यास याच दिशेने जातो: लपवल्याने सहकाऱ्यांचा विश्वास उडतो, तेही देणं थांबवतात, आणि लपवणाऱ्याची स्वतःची सर्जनशीलता घटते. जिथे एकमेकांवर मात करण्यालाच किंमत असते तिथे ही घट अधिक. शिकण्याला किंमत असते तिथे कमी.

म्हणूनच ‘ज्ञान वाटा’ अशी परिपत्रकं वाया जातात. वर्षाअखेरीस एकालाच पहिला नंबर देणाऱ्या कचेरीने दुसऱ्याला शिकवा म्हणणं म्हणजे मांजराला झाडावरून उतरायला सांगणं.

उलट उदाहरणही यंत्रदुरुस्तीचंच आहे. झेरॉक्सचे तंत्रज्ञ चहाकॉफीच्या वेळी एकमेकांना बिघाडांच्या कहाण्या सांगत बसतात, आणि खरी दुरुस्ती त्यातूनच शिकतात, हे संशोधक ज्युलियन ऑर यांनी तपशिलाने टिपलं. पुढे कंपनीने अशा युक्त्या ‘युरेका’ नावाच्या संग्रहात साठवल्या. इतर तंत्रज्ञांनी तपासलेली युक्तीच त्यात जाई, आणि तिच्याखाली ती सुचवणाऱ्याचं नाव असे. सुरुवात झाली ती फ्रान्समध्येच.