फूल, दोन पानं आणि तीन पिढ्या

२३ जून २०१६ ला ब्रिटननं युरोपीय संघातून बाहेर पडायचा कौल दिला. ५१.९ टक्के विरुद्ध ४८.१ टक्के. तेव्हापासून त्या कौलाबद्दल एक वाक्य सारखं कानावर येतं, की म्हाताऱ्यांनी तरुणांचं भविष्य ठरवून टाकलं. सर्वेक्षणांतही तसंच दिसलं होतं. तरुण मतदार बहुसंख्येनं 'राहू या' म्हणणारे, आणि पासष्टीच्या पुढचे बहुसंख्येनं 'बाहेर पडू या' म्हणणारे. आपल्याकडे लोक हे वाचतात आणि म्हणतात, बरं आहे बाबा, आपल्याकडे असलं काही नसतं.

देशभराचं सार्वमत आपल्याकडे कधी झालं नाही, हे खरं. पण मराठी माणसाच्या अगदी दारात एक झालं होतं. १६ जानेवारी १९६७, गोवा. प्रश्न असा होता, की गोव्यानं महाराष्ट्रात विलीन व्हायचं की केंद्रशासित प्रदेश म्हणून वेगळं राहायचं. विलीनीकरणाची निशाणी फूल, वेगळं राहण्याची दोन पानं. (दमण आणि दीवला गुजरातेत जायचं का, असं विचारलं होतं. तिथंही नकोच म्हणाले.) स्वतंत्र भारतात संसदेनं खास कायदा करून घेतलेला हा एकमेव कौल म्हणून ओळखला जातो.

आमच्या घरात हा विषय निघाला की तीन पिढ्यांची तीन मतं पडतात. म्हणून बरेच दिवस यावर लिहायचं होतं.

आधी थोडा इतिहास, कारण भाचे मंडळींना हे शाळेत फारसं शिकवत नाहीत :)

गोवा मुक्त झाला १९ डिसेंबर १९६१ ला. पहिली निवडणूक डिसेंबर १९६३ मध्ये. ती दयानंद बांदोडकरांच्या महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षानं जिंकली आणि भाऊसाहेब मुख्यमंत्री झाले. पक्षाच्या नावातच त्याचा कार्यक्रम होता. विरोधात डॉ. जॅक सिक्वेरांचा युनायटेड गोवन्स पक्ष. १९६५ च्या सुरुवातीला गोवा विधानसभेनं विलीनीकरणाचा ठराव केला. महाराष्ट्रातल्या पुढाऱ्यांना वाटलं, झालं काम. पण विरोधकांचं म्हणणं, एवढा मोठा निर्णय आमदारांनी घ्यायचा नाही, लोकांना थेट विचारा. गोवा काँग्रेसचे पुरुषोत्तम काकोडकर यासाठी दिल्लीत खटपट करत होते. अखेर डिसेंबर १९६६ मध्ये संसदेनं कायदा केला. कौल निःपक्षपाती व्हावा म्हणून बांदोडकरांनी राजीनामा दिला आणि राष्ट्रपती राजवट आली.

३,८८,४३२ मतदार, त्यातल्या ३,१७,६३३ जणांनी मत दिलं. म्हणजे जवळजवळ ८२ टक्के. दोन पानांना १,७२,१९१ मतं, फुलाला १,३८,१७०. फरक ३४,०२१. नाशिकच्या एखाद्या उपनगरात आज याहून जास्त माणसं राहतात. एवढ्या मतांनी महाराष्ट्राचा नकाशा ठरला.

आता पिढ्यांकडे येतो.

माझे आजोबा संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीतले. म्हणजे पुढारी वगैरे नव्हेत, मोर्चाला जाणारे, घसा बसेपर्यंत घोषणा देणारे. त्यांच्या पिढीच्या डोक्यातला महाराष्ट्र १ मे १९६० ला मिळाला त्याहून मोठा होता. त्यात बेळगाव, कारवार, निपाणी होतं आणि गोवा तर गृहीतच धरलेला होता. १९५५ साली सत्याग्रही गोव्याच्या हद्दीवर पोर्तुगीजांच्या गोळ्या खायला गेले ते कोण होते? देशभरातले होते, पण आपल्याकडून कितीतरी गेले होते. १९६४ मध्ये मराठी साहित्य संमेलन मडगावला भरलं आणि अध्यक्ष होते आपले तात्यासाहेब शिरवाडकर! मग नाशिककरांना गोवा परका का वाटावा? शिवाय कौल झाला तेव्हा केंद्रात गृहमंत्री होते यशवंतराव चव्हाण, १९६३ मध्ये नाशिकमधूनच लोकसभेवर बिनविरोध निवडून गेलेले. आजोबांना वाटलं होतं, आता काय, आपलाच माणूस आहे.

त्यामुळे निकाल त्यांना लागला. अगदी जिव्हारी. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये महाजन आयोगाचा अहवाल आला आणि बेळगावही हातचं गेलं. आजोबांचं मत शेवटपर्यंत एकच होतं, "फसवलं आपल्याला." कुणी, ते दर वेळी बदलायचं. कधी दिल्लीनं, कधी मुंबईच्या पुढाऱ्यांनी, कधी पाद्र्यांनी.

हे शेवटचं स्पष्टीकरण महाराष्ट्रात फार चाललं, म्हणून थोडं थांबतो. सासष्टी, बार्देश, तिसवाडी या जुन्या काबिजादीत ख्रिस्ती वस्ती मोठी आणि तिथं दोन पानांचा जोर होता. पेडणे, डिचोली, सत्तरी, फोंडा या नव्या काबिजादीत फुलाचा. हे बरोबर. पण त्या वेळीही गोव्यात हिंदू बहुसंख्य होते. म्हणजे हजारो हिंदूंनी दोन पानांना मत दिल्याशिवाय हा निकाल लागूच शकत नव्हता. त्यांना ते पटवलं कुणी? मोठा वाटा 'राष्ट्रमत' या मडगावच्या दैनिकाचा. संपादक चंद्रकांत केणी. त्यात उदय भेंब्रे नावाचा तरुण 'ब्रह्मास्त्र' हे सदर लिहायचा. उल्हास बुयांव गावोगाव कोंकणी गाणी म्हणत फिरायचे, पण हे दैनिक होतं मराठी. महाराष्ट्रात जायचं नाही, हे गोव्यातल्या मराठी वाचकाला चांगल्या मराठीत समजावून सांगितलं गेलं. हे आजोबांना सांगितलं की ते गप्प बसायचे.

आता दुसरी बाजू. माझी आत्या सत्तरच्या दशकात लग्न होऊन फोंड्याजवळच्या एका गावात गेली. तिच्या सासूबाईंनी त्या दिवशी फुलाला मत दिलं होतं. का दिलं, याचं त्यांचं उत्तर आत्या अजून सांगते. त्यात ना शिवाजी महाराज होते, ना मराठी भाषा. त्या म्हणायच्या, तिकडे कसणाऱ्याची जमीन झाली होती, इकडे आम्ही अजून भाटकाराच्या दारात.

मला हे उत्तर सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. मुंबई राज्याचा कूळकायदा १९४८ चा. १ एप्रिल १९५७ पासून कूळ जमिनीचा मालक मानला गेला. आपल्या नाशिक जिल्ह्यात जमिनीच्या जुन्या भांडणात ही तारीख आजही निघते. गोव्यातल्या कुळाला आणि मुंडकाराला (दुसऱ्याच्या जागेत घर बांधून राहणाऱ्याला) हे सगळं पलीकडे दिसत होतं. वेगळा गोवा म्हणजे भाटकारांचा गोवा, ही त्यांची भीती. म्हणून बहुजन समाजाचं फुलाला मत. तिकडे ख्रिस्ती समाजाची आणि कोंकणीवाल्यांची भीती उलटी होती. एवढ्या मोठ्या राज्यात आपण एक जिल्हा होऊन जाऊ, भाषा बोली म्हणून हिणवली जाईल, नोकऱ्या घाटावरून आलेल्यांना जातील. दोन्ही भीती खऱ्या होत्या, आणि दोन्हींचा नाशिकच्या मोर्चाशी फारसा संबंध नव्हता.

कौलानंतर अवघ्या अडीच महिन्यांत, मार्च १९६७ मध्ये, विधानसभेची निवडणूक झाली. जिंकलं कोण? बांदोडकरच! विलीनीकरण नको म्हणणाऱ्या गोव्यानं विलीनीकरणवाल्या पक्षाला परत गादीवर बसवलं. आजोबांना हे कोडं कधी सुटलं नाही. मला वाटतं कोडं काहीच नाही. लोकांना भाऊसाहेब हवे होते, त्यांच्या शाळा आणि त्यांचं बहुजनांचं राज्य हवं होतं. फक्त त्यासाठी मुंबईला जायची गरज आहे, असं पुरेशा लोकांना वाटलं नाही.

आणि ते खरंही ठरलं. शेतीचा कूळकायदा गोव्यानं १९६४ मध्येच केला होता. पुढे शशिकला काकोडकर मुख्यमंत्री असताना १९७५ मध्ये मुंडकारांना संरक्षण मिळालं आणि १९७६ मध्ये कुळांना जमिनीची मालकी देणारी दुरुस्ती झाली. गावोगाव सरकारी मराठी शाळा निघाल्या. म्हणजे आत्याच्या सासूबाईंनी ज्यासाठी फुलाला मत दिलं, ते दोन पानांच्या गोव्यातच मिळालं. मग त्यांच्या मुलांनी विलीनीकरण कशासाठी मागायचं?

इथं मला पिढीचा खरा फरक दिसतो. १९६७ मध्ये मतदानाचं वय २१ होतं (१८ झालं ते १९८९ मध्ये). म्हणजे १९४६ नंतर जन्मलेल्या कुणाला विचारलंच नाही. मुक्तीच्या वेळी दहा वर्षांचं असलेलं, बांदोडकरांच्या शाळेत मराठी शिकलेलं पोर त्या दिवशी फार तर सोळा वर्षांचं. मतपत्रिकेवर वय नसतं, त्यामुळे त्या दिवशी कुठल्या वयाच्या माणसानं काय केलं यावर नुसत्या गप्पा मारता येतात. पण ही मुलं मोठी झाल्यावर काय वागली, ते सगळ्यांनी पाहिलं. ती मराठी वाचत, घरात कोंकणी बोलत, नाटकं मराठी करत, आणि स्वतःला गोंयकार म्हणवत. माझ्या आत्याचे यजमान असेच होते. दिवाणखान्यात शिवाजी महाराजांची तसबीर, हातात मराठी पेपर, आणि "तुमचा महाराष्ट्र" असं आम्हाला म्हणणार. आजोबांना तो "तुमचा" शब्द फार टोचायचा.

भांडण संपलं मात्र नव्हतं. १९८५ ते ८७ मध्ये राजभाषेवरून ते परत पेटलं. रस्ते अडले, दंगली झाल्या, माणसं मेली. ४ फेब्रुवारी १९८७ ला कायदा होऊन देवनागरी कोंकणी राजभाषा झाली, मराठीला सरकारी कामकाजात वापराची मुभा राहिली. ३० मे १९८७ ला गोवा राज्य झालं. पण लक्षात घ्या, या वेळी मराठीवाले हरले तरी कुणी "आम्हाला महाराष्ट्रात न्या" म्हणालं नाही. मराठी हवी होती ती गोव्यातच हवी होती. वीस वर्षांत प्रश्नच बदलला होता.

आणि आता तिसरी पिढी. २०११ मध्ये गोव्यात इंग्रजी माध्यमाच्या प्राथमिक शाळांनाही अनुदान द्यायचा निर्णय झाला, तेव्हा मातृभाषेसाठी आंदोलन झालं. त्यात कोंकणीवाले आणि मराठीवाले एका मंचावर होते. एकेकाळी एकमेकांचं तोंड न पाहणारी माणसं! त्यांच्या समोर दोघांचीही नातवंडं होती, जी इंग्रजी शाळेत जात होती. आत्याची नात त्यातलीच. फूल आणि दोन पानं म्हटलं तर तिला कुठलं तरी डिझाइन वाटेल. नाशिकला माझा भाचा तरी काय वेगळा आहे? आजोबांनी ज्या भाषेच्या राज्यासाठी घसा फोडला, त्या भाषेतलं त्यांचं पत्र तो अडखळत वाचतो. हे वाटतं तेव्हा मला आजोबांची हळहळ कळते. ३४,०२१ मतांनी गोवा गेला याचं दुःख त्यांना होतं. कुठलंही मतदान न होता जे जातंय, त्याचं काय करायचं हे मला कळत नाही.

सार्वमताबद्दल मला जे वाटतं ते एवढंच. कौल घेणारे समजतात की प्रश्न कायमचा मिटवला. प्रत्यक्षात त्या दिवशी हजर असलेल्या माणसांची त्या दिवशीची भीती मोजली जाते. पुढची पिढी ती भीती वारशानं घेईलच असं नाही. निकाल पक्का होतो तो नंतरच्या वीस वर्षांत, हरलेल्यांच्या मुलांना काय मिळालं त्यावर. गोव्यात हरलेल्यांना जमीन मिळाली, शाळा मिळाली, आपला मुख्यमंत्री मिळाला, म्हणून निकाल टिकला. ब्रिटनमधल्या तरुणांना काय मिळतं ते बघायचं. ती मोजणी अजून व्हायची आहे.

आता १६ जानेवारी गोव्यात 'अस्मिताय दीस' म्हणून पाळतात. आपल्याकडे त्या तारखेला काहीच नसतं, आणि तेही बरंच आहे म्हणायचं. आजोबांच्या पिढीला जे हरणं वाटलं, ते बाबांच्या पिढीला दुर्लक्ष करण्याजोगं वाटलं, आणि आम्हाला तर गोवा म्हणजे डिसेंबरची सुट्टी. एक जखम अशी आपोआप भरली. तिच्याबरोबर आजोबांची आठवण पुसली जाऊ नये, म्हणून हे लिहून ठेवलं.

असो. घरच्या मोठ्यांपैकी कुणाला १९६७ चा तो निकाल रेडिओवर ऐकल्याचं आठवत असेल, तर जरूर सांगा. आणि आत्या, तुला एक विचारायचंच राहिलं होतं. सासूबाईंनी फुलाला मत दिलं, पण सासऱ्यांनी कशाला दिलं होतं?