बंद आभाळाचा वळसा

आज आपण जोहान्सबर्गला जातोय, विमानाने. तेही थोडं मागच्या काळात.

१९६३ च्या मे महिन्यात अदिस अबाबामध्ये ३२ आफ्रिकी देश एकत्र आले. दक्षिण आफ्रिकेच्या वर्णभेदी सरकारच्या विमानांना आपल्या आभाळातून जाऊ द्यायचं नाही, असं ठरलं. आता नकाशा उघडा आणि आफ्रिकेचा पश्चिमेकडे फुगलेला भाग बघा. साउथ आफ्रिकन एअरवेजला युरोप गाठायला या फुगवट्याला समुद्रावरून वळसा घालावा लागला. इंधनासाठी थांबा कुठे? तर अटलांटिकमधल्या साल नावाच्या ओसाड बेटावर, कारण ते तेव्हा पोर्तुगालच्या ताब्यात होतं.

मी कोड लिहितो, त्यामुळे मला हा आधी नुसता रूटिंगचा प्रश्न वाटला. पण यात अजून एक गोची होती. जोहान्सबर्ग समुद्रसपाटीपासून जवळपास १,७०० मीटरवर आहे. तिथे हवा विरळ, म्हणजे इंजिनाचा जोर कमी आणि पंखांना उचलही कमी. म्हणून तिथली मोठी धावपट्टी सुमारे ४.४ किलोमीटर लांब आहे. तरीही टाक्या काठोकाठ भरून उडणं अवघडच. मग १९७६ मध्ये त्यांनी बोइंग ७४७ एसपी घेतलं: अंगाने आखूड, पण पल्ला लांब.

म्हणजे बंदीने रस्ता बंद झाला नाही, महाग झाला. मग उपयोग काय, असं तुम्ही विचाराल. मलाही तेच वाटलं होतं. पण आपल्याकडेही बघा ना. भारताने १९४६ मध्येच दक्षिण आफ्रिकेशी व्यापार तोडला होता, आणि पुढे कित्येक वर्षं आपल्या पासपोर्टवर त्या देशाचा अपवाद छापलेला असायचा. एकेका दाराने काही होत नाही. दारं एकामागून एक बंद होत गेली, की फरक पडतो. १९८६ मध्ये अमेरिकेनेही त्यांच्या विमानांना उतरायला मनाई केली.

आणि वळसा फक्त विमानांनाच पडला नव्हता. ऑलिव्हर टॅम्बो १९६० मध्ये देशाबाहेर पडले, लढा बाहेरून चालवला, आणि घरी परतले थेट डिसेंबर १९९० मध्ये. तीस वर्षांनी! ते उतरले त्या विमानतळाचं नाव तेव्हा जान स्मट्स होतं. हेच ते स्मट्स, ज्यांच्याशी गांधीजींनी सत्याग्रहाच्या काळात झुंज दिली. टॅम्बो १९९३ मध्ये गेले. सगळ्यांना मताचा हक्क देणारी पहिली निवडणूक त्यांना बघायला मिळाली नाही.

२००६ पासून त्याच विमानतळाला टॅम्बोंचं नाव आहे. कधी तिथे उतरलात, तर पाटीकडे एकदा नीट बघा. भेटू पुढच्या भागात!